वास जाईपर्यंत

मांजरं मागे लागतात अशी बाई त्या गल्लीत एकच होती. संध्याकाळी कारखान्याचा भोंगा झाला की कोपऱ्यावरची मांजरं अंग ताणून उठायची आणि ही वळणावर दिसली रे दिसली की शेपट्या वर करून मागोमाग चालू लागायची. पिशवीला अंग घासायची, चपलांवर लोळण घ्यायची. एक लठ्ठ बोका तर तिच्या पावलावर हनुवटी टेकून चक्क डोळे मिटायचा. "आली बघा फौज घेऊन," असं शिंपी दुकानातून ओरडायचा. तीही कमी नव्हती. "तुझ्या मागे कुणी लागत नाही म्हणून जळू नकोस," म्हणायची आणि पुढे जायची.

नाव तिला होतं, पण कारखान्यात ते कुणी घेत नसे. तगरबाई म्हणायचे. तगर म्हणजे एक मुळी. ओली असते तेव्हा बिचारी नुसता मातीसारखा वास देते, पण वाळायला लागली की खरा रंग दाखवते. न धुतलेले मोजे आणि विसरलेलं दही एकाच डब्यात कोंडून ठेवावं, आणि आठवड्यानं झाकण उघडावं, तसा तो वास. हातांत बसतो, केसांत बसतो, साबणाला भीक घालत नाही. मांजरं मात्र त्यावर जीव टाकतात. का, ते मांजरांनाच विचारा.

आणि एवढी घाण वासाची वस्तू माणसं कशासाठी विकत घेतात? तर जीव शांत व्हायला! ज्याला झोप लागत नाही, ज्याच्या छातीत उगाच धडधडतं, चार माणसांत उभं राहायचं म्हटलं की ज्याचे हात कापतात, त्याच्यासाठी त्या कारखान्यात काढ्याच्या पुड्या तयार व्हायच्या. तगर, जटामांसी, ब्राह्मीची पानं, आणि घशाखाली उतरावं म्हणून वर सुकवलेला पुदिना. कारखान्याचे म्हातारे वैद्य दर नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचे, "ही मुळी झोपेला मदत करते. दुःख पळवत नाही. कुणी तसं सांगत असेल तर तो थापा मारतोय."

तगरबाई मुळ्यांच्या खोलीत होती. तिथलं काम म्हणजे कंबरड्याची परीक्षाच. पोती ओतायची, मुळ्या पाण्यात घोळवून माती सोडवायची, केसासारखे तंतू कातरायचे, जाड मुळी उभी चिरायची आणि जाळीवर पसरायची. तेही सावलीत, कारण कडक ऊन लागलं की गुण उडून जातो असं तिथले सगळे म्हणायचे. आणि हे सगळं खाली बसून, वाकून. वयाची चाळिशी ओलांडल्यावर तिची पाठ इतकी धरायची की उठताना आधी भिंत, मग खिडकी, मग शेजारीण, असा आधार घेत ती उभी राहायची. शेजारीण म्हणायची, "तू उठतेस की घर बांधतेस?"

घरी तीनच माणसं. ती, पावाच्या गाडीवर ड्रायव्हर असलेला नवरा, आणि सासूबाई. मूलबाळ झालं नाही, त्याचं जे काय वाईट वाटायचं ते वाटून झालं होतं. सासूबाई सत्तरीच्या, काटक, आणि तोंडाचा पट्टा असा की सुरू झाला की समोरच्यानं खाली बसूनच घ्यावं. ही पहिल्यांदा मुळ्यांच्या खोलीतून घरी आली त्या दिवशी सासूबाईंनी तिला मागच्या दारातच अडवलं होतं.

"थांब! आत पाऊल टाकू नकोस. हा कसला वास घेऊन आलीस?"

"कामाचा आहे, आई."

"काम बाहेर ठेव. वास जाईपर्यंत आत यायचं नाही. बस तिथं बाकावर."

झालं, तो नियमच होऊन बसला. मागच्या अंगणात लाकडी बाक होता. त्याच्या एका टोकाला ही बसायची, डोक्याचं फडकं सोडून केस मोकळे करायची. दुसऱ्या टोकाला नाकावर रुमाल धरून सासूबाई. वासाचा एवढा तिटकारा, तर मग म्हातारीनं आत बसावं की नाही? पण नाही. राखण करायला बसल्यासारख्या त्या तिथंच बसायच्या आणि उलटतपासणी घ्यायच्या. कोण आलं होतं, कोण कोणाशी भांडलं, मुकादमबाईंनी आज कोणाला झापलं, डबा संपवलास का, तोंड का उतरलंय. ही उत्तरं देता देता मांजरांना हाकलायची. कधी कधी वैतागायचीही. दिवसभर राबून आलेल्या माणसाला स्वतःच्या घरात शिरायची चोरी! पण वाद घालायची ताकद नसायची, म्हणून बसायची. अंधारायला लागलं की सासूबाई हवेत नाक फिरवून म्हणायच्या, "हं. चल आता आत."

वर्षानुवर्षं हे असंच चाललं. मग त्या वर्षी पुड्या भरायच्या खोलीतली एक बाई काम सोडून गेली आणि मुकादमबाईंनी ती जागा तगरबाईला दिली.

पुड्यांची खोली म्हणजे नुसती चैन! खिडकीजवळ टेबल, पाठीला टेकायला खरीखुरी खुर्ची, समोर तयार मिश्रण, कापडी पुडी भरायची, तोंड शिवायचं, डब्यात टाकायची. वास म्हणाल तर सगळा पुदिन्याचा. पहिल्या दिवशी ती खुर्चीवर बसली आणि पाठ टेकली तेव्हा तिला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. शेजारची म्हणाली, "रडतेस काय? खुर्ची आहे ती, माहेर नव्हे." तरी ती हसत हसत डोळे पुसतच राहिली.

त्या संध्याकाळी कोपऱ्यावरच्या मांजरांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती ताठ पाठीनं घरी आली, मागच्या दारातून सरळ आत गेली, हात धुतले आणि भाजी चिरायला घेतली. सासूबाई दारात उभ्या होत्या. "सुटलो एकदाचे त्या वासातून," एवढंच म्हणाल्या आणि गप्प झाल्या. त्यांचं गप्प होणं ही खरं म्हणजे लक्षात येण्यासारखी गोष्ट होती. पण आनंदात असलेल्या माणसाला दुसऱ्याचं गप्प होणं ऐकू येत नाही.

आठवडा झाला असेल नसेल, सासूबाईंना पहिला झटका आला. तगरबाई स्वयंपाकघरात होती. मागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला म्हणून वळली, तर सासूबाई भिंतीला धरून खाली बसलेल्या, चेहरा पांढराफटक, हात थरथरतायत, श्वास घशातच अडकलेला. "जीव घाबरतोय गं... मी चालले..." हिची तर पाचावर धारण बसली. पाणी दिलं, वारा घातला, पाय चोळले. थोड्या वेळानं त्या सावरल्या. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग रोजच.

डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. छातीची पट्टी काढली, रक्त तपासलं. म्हणाल्या, "हृदय ठणठणीत आहे. पण त्रास खोटा नाही, हे लक्षात ठेवा. भीती आहे ती, आणि भीतीनं असंच होतं." त्यांनी हलकी गोळी दिली, पुन्हा यायला सांगितलं आणि विचारलं, "हे नेमकं कधी होतं? त्याआधी काय घडलेलं असतं?"

"काहीच घडत नाही हो," तगरबाई म्हणाली. "सगळं छान चाललंय. संध्याकाळी मी घरी येते आणि यांना होतं."

"बघा लक्ष ठेवून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आता काढ्याच्या कारखान्यात काम करणारी बाई लक्ष ठेवून काय बघणार? ती काढाच बघणार. तिनं वैद्यांना गाठलं. त्यांनी आधी डॉक्टरांची गोळी कोणती ते विचारून घेतलं, त्या गोळीबरोबर तगर पोटात नको म्हणाले आणि नुसती जटामांसी, तीही चिमूटभर, द्यायला सांगितली. ते पुन्हा डॉक्टरीणबाईंना दाखवून आणायला लावलं. सासूबाईंनी काढा प्यायला, तोंड वाकडं करून, नाक दाबून. ब्राह्मीचं तेल डोक्याला चोळून घेतलं. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, झोपही जरा लागायची. पण संध्याकाळ झाली, तगरबाई आत शिरली, की पुन्हा भिंतीला धरून बसायच्या. त्यांची रया गेली. जी म्हातारी गल्लीतल्या प्रत्येकाला बोलून हैराण करायची, ती आता खिडकीशी बसून नुसती रस्त्याकडे बघायची.

शेवटी जेवणाच्या सुट्टीत मुळ्यांच्या खोलीतल्या बायकांनीच निदान केलं.

"अगं, वास गेला ना तुझा!" एक म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? इतकी वर्षं म्हातारी रोज संध्याकाळी तगर हुंगत होती. फुकटचं औषध. तू खुर्ची धरलीस आणि तिचं औषध तोडलंस."

सगळ्यांना ते एकदम पटलं. का पटणार नाही? त्या खोलीत दुपारी डुलक्या येतात, भांडण फार वेळ टिकत नाही, हे रोजचंच होतं त्यांचं. वैद्यांनी जरा वेळ दाढी खाजवली. "शास्त्रात असं वाचल्याचं आठवत नाही," म्हणाले, "पण नाहीच असंही म्हणवत नाही." एवढं पुरलं. दुसऱ्या कुठल्या बायकांनी म्हातारीला करमत नसेल, एकटं वाटत असेल, असं काहीतरी म्हटलं असतं. पण ज्यांचा जन्म मुळ्यांत गेला त्यांना सगळ्याचं कारण मुळीतच दिसतं.

तगरबाईनं वाळलेल्या तगरीची पुरचुंडी मागून आणली आणि सासूबाईंच्या उशाशी ठेवली. दुसऱ्या दिवशी घरी येऊन बघते तर पलंगावर चार मांजरं आणि सासूबाई बाहेर अंगणात काठी घेऊन उभ्या! "माझ्या अंथरुणावर हे कुणाचे सोयरे आणून बसवलेस?" त्या कडाडल्या. तिला हसू आलं, बरंही वाटलं, कारण कितीतरी दिवसांनी त्या अशा ओरडल्या होत्या. पण मांजरं हाकलून ती आत वळली मात्र, मागून काठी पडल्याचा आवाज आला. पुन्हा तोच झटका.

पुरचुंडीनं भागत नाही, अंगालाच वास हवा, असं बायकांचं मत पडलं. मग एकच वाट उरली. खुर्ची सोडायची.

त्या रात्री जेवताना तिनं नवऱ्याला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. "तुझी पाठ?"

"पाठ माझी आहे ना? धरेल, सुटेल. आईंना असं बघवत नाही मला."

तो काही बोलला नाही. बोलणार काय? एकीकडे आई, एकीकडे बायको. मुकादमबाई मात्र बोलल्या, आणि भरपूर. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? या खुर्चीसाठी चौघी टपून बसल्यात. शनिवारपर्यंत कुणाला देत नाही, तोवर वेड उतरलं तर सांग." तगरबाईनं मान डोलावली, फडकं बांधलं आणि मुळ्यांच्या खोलीत जाऊन खाली बसली. दुपारपर्यंत पाठीतून कळ थेट टाचेपर्यंत गेली. तिला रागही आला. कुणाचा ते कळेना. म्हातारीचा म्हणावा तर म्हातारीनं काही मागितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मांजरांनी आनंदोत्सवच केला. ती फौज घेऊन लंगडत घरी निघाली. वाटेत तिनं एक ठरवलं. बाकावर बसून वास घालवायचा नाही. औषध आहे ना ते, मग घालवायचं कशाला? आल्या आल्या सरळ आत जायचं, आईंच्या जवळ बसायचं, भरपूर हुंगू द्यायचं.

सासूबाई मागच्या दारातच उभ्या होत्या. ती काही न बोलता त्यांच्या शेजारून आत गेली. पाठ इतकी दुखत होती की आधी जरा टेकावं म्हणून ती पलंगावर आडवी झाली. खोलीभर तगरीचा घमघमाट सुटला.

आणि सासूबाईंनी किंकाळी फोडली.

असा झटका आधी कधीच आला नव्हता. त्या पलंगापाशी येऊन तिचा हात ओढत होत्या, दोन्ही हातांनी, अंगातलं सगळं बळ लावून. "ऊठ! ऊठ तिथून! आत नको! बाहेर चल, बाहेर बस, ऊठ म्हणते ना!" श्वास पुरत नव्हता तरी ओढत होत्या. ती धडपडत उठली. दोघी एकमेकींना धरून कशाबशा अंगणात आल्या आणि बाकावर बसल्या. तगरबाईच्या अंगाला भरपूर वास होता, सासूबाईंच्या नाकाला रुमाल नव्हता, आणि तरीही म्हातारी पानासारखी थरथरत होती. म्हणजे वासाचं काही नव्हतंच. हे तिला तिथं, त्या क्षणी, लख्ख कळलं, आणि स्वतःची अशी लाज वाटली की काय सांगावं.

सासूबाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या. बघता बघता श्वास खाली बसला, हात स्थिर झाले.

"आई," तिनं हळूच विचारलं, "मी आत गेले की होतं ना तुम्हाला?"

म्हातारीनं मान डोलावली.

"का?"

मग त्या बोलल्या, पण नेहमीच्या त्या पट्ट्यासारखं नव्हे.

"तुझे सासरे असेच आले होते कामावरून. काही बोलले नाहीत. सरळ आत गेले. मला वाटलं, दमलेत. मी चुलीशी होते. जेवायला हाक मारली, ओ नाही. मग मला राग आला. तिथूनच बडबडत सुटले. मी काय नोकर आहे का, बोलायला तोंड दुखतं का, काय काय बोलले. भाजी ढवळत होते आणि बोलत होते. आणि ते तिकडे गेलेले होते गं. मेलेल्या माणसाला मी शिव्या देत होते."

तगरबाईनं त्यांचा हात धरला. तिच्या हाताला मुळ्यांची काळी माती होती. म्हातारीनं हात काढून घेतला नाही.

"एवढी वर्षं बोलला नाहीत कधी."

"काय बोलायचं त्यात? तू वासाची आलीस, मी म्हटलं बस. वासाची काय, चार दिवसांत सवय झाली होती मला. पण तू बसायचीस. तुझं तोंड दिसायचं, बोलायचीस, कुरकुरायचीस. मग तू आत गेलीस तरी मला काही वाटायचं नाही." त्यांनी डोळे पुसले. "नंतर तुला खुर्ची मिळाली. तू किती खूश होतीस. बाहेर बस असं कुठल्या तोंडानं सांगू? वास तर येत नव्हता."

तगरबाईला रडूही आलं आणि हसूही. "अहो आई, नुसतं बस म्हणाला असता तरी बसले असते मी!"

"मला काय माहीत? सुनेला कारण द्यावं लागतं."

"उद्या खुर्चीवर परत जाते मी. मुकादमबाई शिव्या घालतील, घालू देत. आणि रोज आले की आधी इथं बसणार, पुदिन्याचा वास घेऊन. चालेल?"

"चालेल," म्हातारी म्हणाली. "पाठ दाखव त्या डॉक्टरीणबाईंना. उद्याच. आणि मीही येते, त्यांनी बोलावलंय मला." बाकाखाली बोका घोरायला लागला होता. त्याला कुणी हाकललं नाही.

तेवढ्यात पुढच्या रस्त्यावरून पावाची गाडी थांबल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तिच्या नवऱ्याची ती आरोळी, रोजची, साऱ्या गल्लीला ऐकू जाणारी, "आलो बरं का! मी आलो! आहे का कुणी घरात?" आणि मग घरातून चालताना भांडी वाजवत, खुर्च्या सरकवत, गाणं म्हणत, तोंड एक क्षण बंद नाही.

"ह्यांची नाही वाटत तुम्हाला भीती?" तगरबाईनं विचारलं. "हेही सरळ आतच जातात की."

"तो ओरडत येतो. लहान होता तेव्हापासून तसाच येतो."

"त्यांना सांगितलंत तुम्ही, तसं यायला?"

"मी काहीच सांगितलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "त्या दिवशी बापाला उठवायला मी त्यालाच पाठवलं होतं."